वास्तववादी सुपरहिरो चित्रपटाचा दुसरा भाग : विश्वसनीय खलनायकाची निवड

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
१. पहिल्या भागातील आणि दुसऱ्या भागातील खलनायकाच्या कामातला फरक सांगता येईल;
२. खलनायक विश्वसनीय आहे की नाही, हे चार कसोट्या लावून तपासता येईल;
३. एखाद्या खऱ्या शहराच्या माहितीतून खलनायक घडवता येईल;
४. खलनायक निवडताना लेखकावर येणारी जबाबदारी ओळखता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, अशी कल्पना करा की तुम्ही एका सुपरहिरो चित्रपटाची पटकथा लिहिली आहे. नायक चंडीगढचा आहे. वडील सरकारी कार्यालयाच्या भांडारात कारकून, मुलगा महाविद्यालयात. त्याला उडता येत नाही. हेल्मेट, जुनी मोटारसायकल आणि जखमा सोसण्याची तयारी, एवढेच त्याचे भांडवल. पहिल्या भागात त्याने रस्त्यावर मोबाइल आणि सोनसाखळ्या हिसकावणारी टोळी मोडली. चित्रपट चालला. आता निर्माता विचारतो, "दुसऱ्या भागात कोण?"

वर्गात हा प्रश्न विचारला की उत्तरे ठरलेली येतात. आणखी मोठा गुंड, सीमेपलीकडचा अतिरेकी किंवा माथेफिरू शास्त्रज्ञ. ही उत्तरे चूक आहेत असे नाही, पण ती चंडीगढबद्दल काहीच सांगत नाहीत. तोच खलनायक नागपूरला किंवा कोइम्बतूरला नेला तरी कथेत काही बदलत नाही. म्हणजेच तो त्या कथेतून आलेला नाही, बाहेरून आणून बसवलेला आहे.

'वास्तववादी' हा शब्दही येथे नीट समजून घेऊ. सुपरहिरोच्या गोष्टीत एक अशक्य बाब प्रेक्षक मान्य करतो. बाकी सगळे त्याच्या जगाप्रमाणे चालावे, अशी त्याची अपेक्षा असते. हाड मोडले तर सहा आठवडे प्लास्टर हवे. पेट्रोलला पैसे हवेत. पोलीस चौकशीला आले पाहिजेत. नायकाला हे नियम लागू असतील, तर खलनायकालाही लागू असले पाहिजेत. अशा चित्रपटातला खलनायक सकाळी उठून काय करतो, हे लेखकाला सांगता आले पाहिजे.

२. दुसऱ्या भागाचे वेगळे काम

पहिल्या भागातील खलनायक एका प्रश्नाचे उत्तर देतो : या शहराला नायकाची गरज का पडली? त्यामुळे तो साधा असला तरी चालतो. दुसऱ्या भागात ही गरज सिद्ध झालेली असते. आता प्रश्न बदलतो : नायकाने जो मार्ग धरला, तो बरोबर आहे का? हा प्रश्न ज्याच्यामुळे उभा राहतो, तो दुसऱ्या भागाचा खलनायक.

क्रिस्टोफर नोलन यांचे बॅटमॅनवरील चित्रपट या दृष्टीने पाहा. २००५च्या 'बॅटमॅन बिगिन्स'मध्ये शहर संघटित गुन्हेगारीने पोखरलेले आहे. शेवटी पोलीस अधिकारी गॉर्डन नायकाला सावध करतो की आपण एक पायरी चढलो की समोरचेही एक पायरी चढतात. २००८च्या 'द डार्क नाइट'मधला जोकर याच वाटेने येतो. बॅटमॅनने कोंडी केल्यामुळे हतबल झालेल्या टोळ्या जोकरला काम देतात. पहिल्या भागातील नायकाचे यशच दुसऱ्या भागातील संकटाला वाट करून देते.

आपल्याकडील 'क्रिश' मालिकेत वेगळा मार्ग दिसतो. २०१३च्या 'क्रिश ३'मधला काल रोगाचा विषाणू पसरवतो आणि त्यावरचे औषध विकतो. या योजनेत व्यापाराचे तर्कशास्त्र आहे. कालचा जन्मही नायकाचे वडील रोहित यांच्या पेशींवरील प्रयोगातून झालेला आहे. म्हणजे रक्ताचे नाते आहे. मात्र ते नायकाने मागच्या भागात केलेल्या कोणत्याही कृतीतून आलेले नाही. म्हणून त्या संघर्षात नायकाच्या ताकदीची परीक्षा होते, त्याच्या निर्णयाची होत नाही. त्या चित्रपटाला तेवढे पुरते, कारण तो वास्तववादी असल्याचा दावा करत नाही. तुमचा चित्रपट तो दावा करणार असेल, तर एवढ्याने भागणार नाही.

३. ओळखीची उदाहरणे : रामा शेट्टी आणि हिंदुराव

विश्वसनीय खलनायकाचे धडे घेण्यासाठी सुपरहिरो चित्रपटांपर्यंत जाण्याचीही गरज नाही. गोविंद निहलानी यांचा 'अर्धसत्य' (१९८३) आठवा. श्री. दा. पानवलकर यांच्या कथेवर आधारित या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांची. सदाशिव अमरापूरकरांनी साकारलेला रामा शेट्टी क्वचितच आवाज चढवतो. तो निवडणुकीला उभा राहतो, लोकांना भेटतो. त्याची भीती वाटते ती वेगळ्या कारणाने. उपनिरीक्षक अनंत वेलणकर स्वतः कोठडीतील मृत्यूच्या प्रकरणात अडकतो, तेव्हा त्याला वाचवू शकणारा माणूस रामा शेट्टीच असतो. ज्याला पकडायचे, त्याच्याच दारात जावे लागते.

जब्बार पटेल दिग्दर्शित 'सामना'मधला निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखानदार आहे. गावाचा रोजगार त्याच्याकडे आहे. तो पाहुणचार मनापासून करतो. बेपत्ता झालेल्या मारुती कांबळेबद्दल मास्तर विचारत राहतात, आणि गाव गप्प राहते. गाव भित्रे आहे म्हणून गप्प आहे, हे अर्धे उत्तर झाले. हिंदुराव गेला तर उद्या चूल कशी पेटेल, हा प्रश्नही त्या शांततेत आहे.

या दोघांकडून एक नियम हाती लागतो. विश्वसनीय खलनायक लोकांच्या कामाचा माणूस असतो. त्याला हटवले की शहराचे काहीतरी अडते.

निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट'ने (२००५) याच्या पुढचे टोक दाखवले. बँकेत नोकरी करणारा माधव आपटे एके दिवशी नियम मोडणाऱ्यांवर हात उचलतो. त्याच्यासमोर एकच एक असा खलनायक नाही. रोजच्या तडजोडी हाच त्याचा शत्रू आहे. चित्रपट म्हणून ही रचना प्रभावी आहे. पण असा शत्रू दुसऱ्या भागात उभा करणे अवघड, कारण त्याला चेहरा नसतो आणि म्हणून तो नायकाला उत्तर देऊ शकत नाही.

४. तीन भारतीय सुपरहिरो, तीन खलनायक

*'अ फ्लाइंग जट्ट' (२०१६).* हा चित्रपट पंजाबच्या पार्श्वभूमीवर आहे. उद्योगपती मल्होत्राला नायकाच्या आईच्या ताब्यातील जमीन हवी आहे. तिथे श्रद्धेचे झाड आहे. येथपर्यंत खलनायक ओळखीचा आहे : जमीन, कारखाना, प्रदूषण. त्यानंतर प्रदूषणातून ताकद मिळवणारा राका येतो आणि खरा वाद बाजूला पडतो. राकाला हरवता येते. मात्र मल्होत्राचा कारखाना ज्या परवानग्यांवर चालतो, त्यांचे काय, हे विचारायला कथेत जागा उरत नाही.

*'भावेश जोशी सुपरहिरो' (२०१८).* विक्रमादित्य मोटवाने यांच्या या चित्रपटात मुंबईतल्या पाण्याची चोरी आणि टँकरचा धंदा हा विषय आहे. यात राणा या राजकारण्याची भूमिका निशिकांत कामत यांनी केली, ज्यांनी तेरा वर्षांपूर्वी माधव आपटे पडद्यावर आणला होता. येथे गुन्ह्याला नकाशा आहे : पाणी कुठून वळते, कोणाच्या घरी येत नाही आणि कोण ते विकते. टँकरची वाट पाहिलेल्या कोणालाही हा खलनायक समजावून सांगावा लागत नाही.

*'मिन्नल मुरली' (२०२१).* बेसिल जोसेफ यांच्या या मल्याळम चित्रपटात एकाच विजेचा धक्का दोघांना बसतो : शिंपी जेसन आणि चहाच्या दुकानात काम करणारा शिबू. शिबूला गावाने लहानपणापासून वेडा ठरवून दूर ठेवले आहे. शक्ती दोघांची सारखी. फरक पडतो तो गावाने कोणाला कसे वागवले याने. शिबूचे गुन्हे चित्रपट माफ करत नाही, पण त्यांचा हिशेब गावाच्या खात्यावरही मांडतो.

या तीन उदाहरणांत ताकदीने सर्वांत मोठा राका आहे, आणि लक्षात सर्वांत कमी तोच राहतो.

५. चार कसोट्या

आतापर्यंतच्या चर्चेतून पुढील चार कसोट्या काढता येतात. तुमच्या प्रत्येक उमेदवाराला त्या लावून पाहा.

(अ) उपजीविकेची कसोटी. त्याचा पैसा कुठून येतो? त्याच्यावर कोणाचे पोट आहे? उत्तर एका परिच्छेदात लिहिता आले पाहिजे.

(आ) बाजूची कसोटी. त्याला पाच मिनिटे बोलू दिले तर प्रेक्षकातील काही जण मान डोलावतील का? त्याचे म्हणणे पूर्ण खोटे असेल तर तो कच्चा. पूर्ण खरे असेल तर तो खलनायकच नाही. त्याच्या बोलण्यातला अर्धा भाग खरा असावा.

(इ) नात्याची कसोटी. पहिल्या भागातील नायकाच्या कोणत्या कृतीमुळे तो पुढे आला? ही कृती दाखवता येत नसेल, तर तो दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात जाऊ शकतो.

(ई) मर्यादेची कसोटी. त्याला काय जमत नाही? कोणाला तो घाबरतो? सर्व काही आधीच ठरवून ठेवलेला, कधीही न चुकणारा खलनायक वास्तववादी चित्रपटात लगेच खोटा वाटतो.

६. चंडीगढ : शहरातून खलनायक शोधणे

मुद्दाम चंडीगढ घेण्याचे कारण असे की मुंबई म्हटले की बिल्डर आणि भाई आपोआप पुढे येतात. चंडीगढसाठी तयार साचा हाताशी नाही, त्यामुळे शहराचा अभ्यास करावाच लागतो. आपल्या कामापुरती माहिती पुढीलप्रमाणे :

- ल कॉर्ब्युझिए यांच्या आराखड्यानुसार वसवलेले हे नियोजित शहर आहे. त्यातील कॅपिटॉल संकुल २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.
- १ नोव्हेंबर १९६६ पासून ते केंद्रशासित प्रदेश आहे आणि पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी आहे. शेजारचे मोहाली पंजाबात, पंचकुला हरियाणात. लोक तिन्ही मिळून एकच शहर मानतात. पोलीस दले मात्र तीन.
- इमारती बहुतांशी बुटक्या आहेत. गच्चीवरून गच्चीवर झेपावणारा नायक येथे विनोदी दिसेल.
- सरकारी कार्यालये, उच्च न्यायालय आणि विद्यापीठ यांसाठी पिएर जानरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सागवान आणि वेताच्या खुर्च्या, टेबले, कपाटे घडवली. पुढे जुने झालेले हे सामान भंगार म्हणून लिलावात निघाले. आज परदेशातील लिलावगृहांत त्यांतील काही नगांना लाखांच्या घरात किंमत येते. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा वारसा फर्निचरच्या विक्रीला मनाई केली. पुरावस्तूंविषयीचा १९७२चा कायदा मात्र सर्वसाधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो आणि हे फर्निचर १९५०–६०च्या दशकांतले आहे.
- रस्ते निरीक्षक असलेल्या नेकचंद यांनी सरकारी जागेत, परवानगीशिवाय, वर्षानुवर्षे गुपचूप शहराच्या टाकाऊ वस्तूंतून शिल्पे उभी केली. तेच रॉक गार्डन १९७६ मध्ये लोकांसाठी खुले झाले.

आता तीन उमेदवार तपासू.

उमेदवार १ : सीमेचा फायदा घेणारा टोळीप्रमुख. गुन्हा चंडीगढात, मुक्काम मोहालीत, गाड्या पंचकुलात. तिन्ही पोलिसांत कागद फिरत राहतात. उपजीविका स्पष्ट आहे, नाते जोडता येते. पण बाजू नाही. पहिल्या भागातील टोळीचीच ही मोठी आवृत्ती झाली. हा दुय्यम पात्र म्हणून ठेवा.

उमेदवार २ : वस्तीचा दादा. आराखड्याबाहेर वाढलेल्या मजूर वस्तीतला पुढारी. वर्गात हे नाव दर वेळी येते. येथे थांबून विचार करा. शहर बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्या मजुरांच्या अनेक वस्त्या प्रशासनाने पाडल्या. कॉलनी नंबर ४ ही २०२२ मध्ये पाडली गेली. घर गमावलेल्यांच्या बाजूचा माणूस खलनायक करायचा आणि हेल्मेटधारी महाविद्यालयीन तरुणाने त्याला बडवायचे, तर तुमचा चित्रपट कोणाच्या बाजूने उभा राहतो? या माणसाची बाजू अर्धी नव्हे, पाऊण खरी आहे. कसोटी (आ) नुसार तो खलनायक होत नाही. उलट, पहिल्या भागात नायकाने पकडलेल्या पोरांपैकी काही याच वस्तीतली असतील, तर नायकाला जाब विचारण्याचा अधिकार याला आहे.

उमेदवार ३ : फर्निचरचा व्यापारी. हा पूर्णपणे काल्पनिक समजावा. प्रत्यक्षात सरकारी लिलावातून उघडपणे खरेदी झालेली आहे. आपला व्यापारीही तसाच सुरू झाला. गच्चीवर पावसात कुजणाऱ्या खुर्च्या त्याने वजनावर घेतल्या, जुन्या कारागिरांकडून वेत विणून घेतला आणि बाहेर विकल्या. त्याच्या कारखान्यात वीस-पंचवीस सुतार आहेत. *उपजीविका* झाली.

त्याची *बाजू* ऐका. तुम्ही ज्याला भंगार म्हणालात त्याची किंमत मी ओळखली. नेकचंदनेही नियम मोडून टाकाऊ वस्तू उचलल्या होत्या. त्याला तुम्ही डोक्यावर घेतले, मला चोर का म्हणता? हा युक्तिवाद ऐकून प्रेक्षक गोंधळेल, आणि तो गोंधळायलाच हवा. उत्तर शोधायला त्याला वेळ लागेल : नेकचंदने जे केले ते शहरातच राहिले, सर्वांसाठी राहिले.

*नाते* असे जोडता येईल. मनाई आल्यानंतर व्यापाऱ्याला माल कमी पडू लागला. मग वापरातल्या खुर्च्याही कागदोपत्री मोडक्या ठरवून बाहेर निघू लागल्या. माल हलवायला रात्रीच्या गाड्या होत्या त्या टोळीच्या, जी नायकाने पहिल्या भागात मोडली. नायकाला हे ठाऊकही नव्हते. गाड्या बंद झाल्या, परदेशातले गिऱ्हाईक तगादा लावू लागले, आणि आजवर फक्त पैसे मोजणारा माणूस पहिल्यांदा दमदाटीवर उतरला. भांडाराच्या रखवालदाराने एक गाडी अडवली. दुसऱ्या दिवशी रखवालदारावरच चोरीचा आळ आला. व्यापारी खलनायक होतो तो या जागी, कारण आता किंमत मोजणारा माणूस दुसराच आहे.

आणि भंगाराच्या यादीवर सही आहे नायकाच्या वडिलांची. त्यांनी लाच घेतलेली नाही. वेत फाटलेली खुर्ची त्यांना खरोखर भंगार वाटली होती. नंतरच्या याद्या त्यांनी न तपासता सवयीने सही करून पुढे पाठवल्या. व्यापाऱ्याला उघडे पाडले तर आधी वडील निलंबित होणार. वेलणकर जसा रामा शेट्टीच्या दारात गेला, तसा आपला नायक या व्यापाऱ्याच्या दारात जाईल.

*मर्यादा* पाहा. तो मारामारी करू शकत नाही. तो नोंदवहीला घाबरतो. कोणत्या खोलीत कोणत्या क्रमांकाची खुर्ची होती, याची खरी यादी समोर आली की त्याचा व्यवहार कोसळतो. म्हणजे शेवटच्या प्रसंगात नायकाचा ठोसा उपयोगी नाही. उपयोग आहे तो वडिलांच्या कबुलीचा. मुखवटा न घालता, नाव सांगून, नोकरी पणाला लावून दिलेली साक्ष. मुखवटा घालून न्याय मिळवता येतो, असे पहिल्या भागात ज्याला वाटले, त्याला दुसऱ्या भागात घरातल्याच माणसाकडून उत्तर मिळते. या खलनायकामुळेच हा शेवट शक्य झाला, हे लक्षात घ्या. राका किंवा अतिरेकी निवडला असता तर वडिलांना कथेत कामच उरले नसते.

७. लेखकाची जबाबदारी

खलनायक निवडणे म्हणजे एका अर्थाने आरोपपत्र लिहिणे. तीन तासांत हजारो लोक कोणाकडे बोट दाखवायला शिकणार, हे तुम्ही ठरवता. आडनाव, धर्म, बोली, वस्ती यांवरून भीती निर्माण करणे सोपे असते, कारण प्रेक्षकाच्या मनात ती आधीच पेरलेली असते. चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर त्या आडनावाचा, त्या वस्तीचा खरा माणूस रिक्षात, वसतिगृहात, नोकरीच्या मुलाखतीत त्याची किंमत मोजतो. म्हणून पटकथा लिहिण्यापूर्वी एक साधा प्रयोग करा. खलनायकाचे नाव आणि पेहराव बदला. तरीही तो तितकाच धोकादायक वाटला, तर त्याची कृती वाईट आहे. न वाटल्यास, तुम्ही कृतीऐवजी त्याचा समाज निवडला होता.

चंडीगढच्या निर्मात्यांनी शहरासाठी जो जाहीरनामा ठरवला, त्यात शहरात व्यक्तींचे पुतळे उभारू नयेत असे म्हटले आहे. सुपरहिरो चित्रपटाला यापेक्षा अवघड शहर मिळणार नाही. दुसरा भाग संपताना त्या शहरात नायकाचा पुतळा नसेल. एका कार्यालयात परत आलेली खुर्ची असेल आणि तिच्यावर रखवालदार बसलेला असेल, तर तुमचा खलनायक बरोबर निवडला गेला होता असे समजा.

८. सारांश

पहिल्या भागाचा खलनायक नायकाची गरज सिद्ध करतो. दुसऱ्या भागाचा खलनायक नायकाच्या मार्गाची परीक्षा घेतो. तो नायकाच्याच कृतीच्या परिणामांतून यावा. उपजीविका, बाजू, नाते आणि मर्यादा या चार कसोट्यांवर तो उतरला पाहिजे. असा खलनायक शहराच्या प्रशासनात, कायद्यातील फटींत आणि लोकांच्या रोजच्या तडजोडींत सापडतो. ज्यांचे आधीच नुकसान झाले आहे अशांना खलनायक करण्यापूर्वी लेखकाने दोनदा विचार करावा.

९. स्वाध्याय

१. 'भावेश जोशी सुपरहिरो' आणि 'अ फ्लाइंग जट्ट' यांतील खलनायकांना चार कसोट्या लावून तुलना करा.
२. उमेदवार २ला खलनायक न करता दुसऱ्या भागात महत्त्वाचे स्थान कसे देता येईल? एक प्रसंग लिहा.
३. फर्निचरच्या व्यापाऱ्याच्या कारखान्यातील एका सुताराच्या तोंडून त्याची बाजू दहा वाक्यांत मांडा.
४. तुमच्या गावातील किंवा शहरातील अशी एक वस्तू, जागा किंवा सेवा निवडा जी कायदेशीर मार्गाने लोकांच्या हातून निसटत आहे. तिच्याभोवती एक खलनायक घडवा. त्याच्याशिवाय कोणाचे काय अडेल, हे पहिल्याच वाक्यात लिहा.